टेबलाखालचा बॉम्ब आणि आमच्या वाड्याचा अडसर

गेल्या महिन्यात माझा भाचा दोन दिवस राहायला आला. पंचविशीतला मुलगा, दिवसा नोकरी, रात्री लिखाण. त्याला थ्रिलर लिहायचाय, आणि तोही खऱ्या घटनेवरचा. चहा पिऊन होतो न होतो तोच त्याने लॅपटॉप उघडला. "मावशी, शहात्तर साली तू पुण्यातच होतीस ना? जोशी-अभ्यंकर खुनांच्या वेळी?"

पडद्यावर ते खून करणाऱ्या चार तरुणांचे जुने कृष्णधवल फोटो एका ओळीत लावलेले होते. प्रत्येकाखाली नाव, वय, स्वभाव. पुढे जो माफीचा साक्षीदार झाला त्या पाचव्यासाठी वेगळा चौकोन. अभ्यास चोख केला होता पोराने. 31 ऑक्टोबर 1976, विजयानगर कॉलनी, जोशी कुटुंबातले तिघे. 1 डिसेंबर 1976, भांडारकर रस्ता, 'स्मृती' बंगला, एका रात्रीत पाच जण. 23 मार्च 1977, आणखी एक तरुण, त्याचा मृतदेह नदीत. सगळं तोंडपाठ.

मी विचारलं, "अभ्यंकर कोण होते रे?"

"कोण म्हणजे... त्या बंगल्यातले. वयस्कर गृहस्थ होते."

मी उठले आणि कपाटातून एक जाडजूड पुस्तक काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. बांधणी मी दोनदा नव्याने करून घेतली आहे, तरी कडा पुन्हा सुटायला लागल्यात. 'अ डिक्शनरी ऑफ संस्कृत ग्रामर', बडोद्याच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटने 1961 साली काढलेलं. कर्ता, काशिनाथ वासुदेव अभ्यंकर. तेच ते वयस्कर गृहस्थ.

मी तेहेतीस वर्षं शाळेत संस्कृत शिकवलं. या कोशाशिवाय माझं पान हललं नाही. पाणिनीच्या व्याकरणात एकेका शब्दाला स्वतःचा वेगळा अर्थ असतो. अनुबंध, अनुवृत्ती, गुण, वृद्धी, आगम, आदेश. बाहेरच्या अर्थाने वाचायला गेलं की माणूस फसतो. काशिनाथशास्त्रींनी हे सगळे शब्द गोळा करून, कुठल्या सूत्रात काय अर्थाने आलेत ते सांगत अकारविल्हे लावून ठेवले. त्यांचे वडील महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकर. त्यांनी पतंजलीचं महाभाष्य मराठीत आणलं, आणि मुलाने त्याला प्रस्तावनेचा एक अख्खा खंड लिहिला. 1967 साली भांडारकर संस्थेने काढलेला 'परिभाषासंग्रह'ही काशिनाथशास्त्रींनीच संपादित केलेला. पंच्याऐंशी ओलांडलेला हा माणूस, त्याची पत्नी, घरात कामाला असलेल्या बाई आणि दोन तरुण नातवंडं. भाच्याच्या फाइलमध्ये यांच्यासाठी 'पीडित 4 ते 8' असं लिहिलं होतं.

मी रागावले नाही. त्याने जे वाचलं, ऐकलं, पाहिलं, त्यात हेच होतं. चौघांची नावं पुण्यात अजून कुणालाही विचारा, घडाघडा सांगतील. मी इथे ती मुद्दाम लिहीत नाही.

पण त्याने विचारलं ते खरं होतं: तेव्हा काय वाटलं होतं?

मी सातवीत होते. सदाशिव पेठेत आमचा वाडा, आठ बिऱ्हाडं, मध्ये चौक, चौकात हापशी. वाड्याला दिंडी दरवाजा होता आणि त्याच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडच्या भिंतींत खोबणी. त्या खोबणीत बसणारा लाकडी अडसर कित्येक वर्षं जिन्याखाली पडून होता. पोरं त्याच्यावर घोडा घोडा खेळायची. विजयानगरची बातमी आली तेव्हा मोठी माणसं हळहळली, घरात चर्चा झाली, पण दार उघडंच राहिलं. चोरीचा प्रकार असणार, असं म्हणून लोक आपापल्या कामाला लागले. महिन्याभराने भांडारकर रस्त्याची बातमी आली. त्या संध्याकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शेजारच्या काकांना हाक मारली आणि दोघांनी मिळून तो अडसर उचलला. त्याला लागलेली माती ओल्या फडक्याने पुसली. खोबणीत कबुतरांची काटकी-कचरा भरला होता, तो काकांनी पळीने उकरून काढला. मग अडसर आत सरकवला. लाकूड दगडावर घासल्याचा तो आवाज मला आज पन्नास वर्षांनी जसाच्या तसा ऐकू येतो.

त्यानंतर रोज सातला दार बंद. अण्णा छापखान्यात कामाला, त्यांना कधी नऊ वाजायचे. त्यांनी ठरवून दिलं होतं: आधी दोन टकटक, मग थांबून एक, आणि मग आईचं माहेरचं नाव. ते नाव ऐकल्याशिवाय आई अडसराला हात लावायची नाही. पहाटे दूध केंद्रावर बाटल्या घेऊन मी एकटी जायचे, ते बंद झालं. संध्याकाळी सातनंतर लक्ष्मी रस्ता असा सुनसान व्हायचा की सायकलची घंटा दोन गल्ल्या पलीकडून ऐकू यावी. आणीबाणी चालू होती, त्यामुळे लोक आधीच दबक्या आवाजात बोलत. आता तर अनोळखी माणसाला पत्तासुद्धा कुणी सांगेना.

आणि अफवा. कुणी म्हणे बाहेरून टोळी आली आहे, कुणी म्हणे साधूंच्या वेषात फिरतात. समोरच्या आळीत एका भांडी विकणाऱ्याला लोकांनी धरून ठेवलं होतं. बिचारा थरथरत उभा होता, मी गॅलरीतून पाहिलं. मारेकरी आपल्यासारखेच कपडे घालून, आपल्याच शहरातल्या टिळक रस्त्यावर चित्रकलेच्या कॉलेजात शिकतात, हे कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मार्चमध्ये निवडणुका झाल्या, इंदिराबाई हरल्या. 24 मार्चला मोरारजींचा शपथविधी. पुण्यात पेढे वाटले जात होते, आणि त्याच दिवशी नदीत ते प्रेत वर आलं. नायलॉनच्या दोरीने लोखंडी शिडीला बांधलेलं. तिथून पुढे मात्र सगळं भराभर उलगडलं. महिनाअखेर धरपकड झाली.

मग एक गोष्ट कळली, आणि ती मला सगळ्यात भयंकर वाटते. पहिला खून यातला नव्हताच. तो जानेवारी 1976 मधला. एका हॉटेलमालकाचा मुलगा, त्यांच्याच ओळखीचा. त्याचा मृतदेह पिंपात घालून सारसबागेजवळच्या पेशवे पार्कातल्या तळ्यात सोडला होता. घरच्यांना वाटत होतं पोरगा घर सोडून गेला, कारण त्याच्या हातची तशी चिठ्ठी आली होती. सव्वा वर्ष ते पिंप पाण्यात होतं. त्या सव्वा वर्षात मी पेशवे पार्कात किमान तीनदा गेले असेन. फुलराणीत बसले, पांढऱ्या मोराला शेंगदाणे टाकले, आणि सारसबागेत भेळ खाल्ली.

भाच्याला मी नेमकं हेच सांगत होते, कारण त्याच्या पटकथेची सुरुवात जानेवारी 76 पासून होती. साहजिक आहे. चौघांच्या बाजूने गोष्ट सांगायची तर तिथूनच सुरू करावी लागते: पहिला गुन्हा, तो पचला, मग धीर चेपला, मग दुसरा. पण शहराने ही गोष्ट त्या क्रमाने जगलीच नाही. आमच्यासाठी पहिला खून शेवटी आला.

हिचकॉकचं एक उदाहरण सिनेमावाले नेहमी देतात. टेबलाभोवती माणसं गप्पा मारत बसलीत. अचानक बॉम्ब फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकेल. पण टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधीच दाखवलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा त्याला खुर्चीला खिळवून ठेवतील. थ्रिलरचं सगळं यंत्र या एका गोष्टीवर चालतं. प्रेक्षकाला माहीत असतं, पात्रांना नसतं.

आणि आम्ही त्या टेबलाशी बसलेलो होतो. टेबल आहे हेसुद्धा आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून सांगते, पडद्यावरचा थरार आणि ती भीती यांची जातच वेगळी. थरारात एक आधार असतो, गोष्ट कुणाच्या तरी हातात आहे आणि ती कुठेतरी नेऊन सोडणार आहे याची खात्री असते. सदाशिव पेठेतल्या त्या चार महिन्यांत गोष्ट कुणाच्याच हातात नव्हती.

'माफीचा साक्षीदार' हा याच खुनांवरचा सिनेमा 1986 साली आला. दिग्दर्शक राजदत्त, त्याच वर्षी त्यांचा हुंडाबळीवरचा 'पुढचं पाऊल'ही आला होता. 'साक्षीदार'मध्ये नाना पाटेकर. चौघांना येरवड्यात फाशी होऊन तीनच वर्षं झाली होती, 27 नोव्हेंबर 1983. मी बावीस वर्षांची, भावाबरोबर गेले होते. थिएटर भरलेलं. एरवी पुण्याच्या थिएटरात कोण काय बोलेल सांगता येत नाही, पण त्या दिवशी मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेतसुद्धा माणसं गप्प होती. नानाचं काम असं की डोळा हलवता येत नव्हता. मी भारावले होते, खोटं कशाला सांगू. घरी आल्यावर रात्री झोप लागेना, तेव्हा लक्षात आलं की माझ्या डोळ्यांपुढे फक्त त्याचा चेहरा येतोय. ज्यांचं घर होतं त्यांचा नाही. त्या वर्षी मी एम. ए. करत होते, म्हणजे शास्त्रींचा कोश रोज सकाळी ग्रंथालयात माझ्या हाताखाली असायचा. दहा वर्षं झाली होती त्या रात्रीला. त्या दिवशी प्रथमच मला कोशावरचं नाव आणि बातमीतलं नाव एकत्र दिसलं.

सिनेमाचं शीर्षक मात्र अगदी नेमकं आहे. माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सहभागी असलेला माणूस. तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 306 प्रमाणे न्यायालय त्याला माफी देऊ करतं, अट एकच: जे माहीत आहे ते सगळं, खरं आणि पुरतं सांगायचं. लपवलं किंवा खोटं बोलला तर माफी जाते आणि खटला त्याच्यावरही चालू शकतो. त्याच्या एकट्याच्या शब्दावर सहसा शिक्षा देत नाहीत. दुसरा पुरावा जोडीला लागतो. थ्रिलर लिहिणाऱ्याला असा माणूस म्हणजे घबाड. तो आत होता, त्याने पाहिलं, आणि तो जिवंत आहे. पण म्हणूनच गोष्ट आतून सांगितली जाते. मेलेल्यांमधून साक्षीदार होता येत नाही.

हे फक्त याच प्रकरणात घडलं असं नाही. नानावटी खटला घ्या. 27 एप्रिल 1959, मुंबई. नौदलातला कमांडर, पत्नीचा प्रियकर, तीन गोळ्या. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष म्हटलं, न्यायाधीशांना ते पटेना, प्रकरण हायकोर्टात गेलं, जन्मठेप झाली, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, आणि पुढे राज्यपालांनी माफी दिली. या प्रकरणाच्या छायेत 1963 साली 'ये रास्ते हैं प्यार के', 1973 साली 'अचानक', 2016 साली 'रुस्तम'. तिन्ही पाहिलेत मी, आणि गुलझारांचा 'अचानक' मला आजही फार आवडतो. पण खटल्यातली जी गोष्ट माझ्या मनात रुतली ती एक टॉवेल. मृत माणूस अंघोळ करून बाहेर आलेला, कमरेला टॉवेल. झटापटीत गोळी सुटली, असा बचाव होता. सरकारी पक्षाचा सवाल होता, झटापट झाली तर टॉवेल जागच्या जागी कसा? एवढ्या मोठ्या नाट्यात मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारी वस्तू काय, तर तो टॉवेल.

'सायको'बद्दल माझी तक्रार नाही, हेही सांगते. 1957 साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका एकलकोंड्या माणसाच्या घरात जे सापडलं, त्यावरून जवळच्याच गावात राहणाऱ्या लेखकाला कादंबरी सुचली, तिच्यावरून हिचकॉकने 1960 मध्ये सिनेमा केला. घटनेतून घेतलं काय? एकटा माणूस, आईचा पगडा, शेजाऱ्यांना शंका न येणं. एवढं बी घेऊन झाड स्वतःचं लावलं. खऱ्या मृतांपैकी कुणी त्यात नाही, त्यामुळे कुणाचं काही घेतलं गेलं नाही.

आणि मग बोंग जून-होचा 'मेमरीज ऑफ मर्डर'. 2003 चा कोरियन सिनेमा. हा मी भाच्याला त्याच रात्री मुद्दाम दाखवला. ह्वासाँग नावाच्या ग्रामीण भागात 1986 ते 1991 दरम्यान दहा बायकांचे खून झाले. सिनेमा झाला तोवर खुनी सापडला नव्हता. त्यामुळे दिग्दर्शकाकडे गोष्ट आतून सांगणारा कुणीच नव्हता. त्याने न कळणं हाच सिनेमा केला. चिखल, पाऊस, भाताची शेतं, चुकीच्या माणसांना बडवून कबुलीजबाब काढणारे पोलीस. शेवटी, बऱ्याच वर्षांनी, तो जुना पोलीस त्याच शेताकडेच्या नाल्याशी येतो, एक लहान मुलगी त्याला काहीतरी सांगते, आणि तो सरळ कॅमेऱ्यात पाहतो. खुनी हा सिनेमा पाहायला येईल, तेव्हा त्याच्या डोळ्यात पाहावं, म्हणून तो शेवट.

2019 साली डीएनए चाचणीतून तो सापडला. मेहुणीच्या खुनासाठी तो आधीच जन्मठेप भोगत होता. त्याने चौदा खून कबूल केले. त्यातल्या आठव्या खुनासाठी दुसऱ्याच एका निरपराध माणसाने सुमारे वीस वर्षं तुरुंगात काढली होती, मारहाणीने घेतलेल्या कबुलीवर. डिसेंबर 2020 मध्ये कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं. पोलीस कबुल्या कशा काढतात, हे सिनेमाने सतरा वर्षं आधी पडद्यावर दाखवून ठेवलं होतं. खऱ्या घटनेवरचा थ्रिलर काय करू शकतो, ते मला या एका सिनेमात दिसतं. तो टेबलाच्या बाजूने बसलेला आहे.

सिनेमा संपला तेव्हा रात्रीचा एक वाजला होता. भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पण मावशी, चौघांना काढून टाकलं तर गोष्ट उरतेच काय?"

काढून टाक असं मी म्हणतच नव्हते. मी त्याला कोश उघडून 'लोप' काढायला सांगितलं. पाणिनीचं सूत्र आहे, 'अदर्शनं लोपः'. न दिसणं म्हणजे लोप. पण त्याच्या पुढेच एक सूत्र सोडून दुसरं येतं, 'प्रत्ययलोपे प्रत्ययलक्षणम्'. प्रत्यय गेला, दिसेनासा झाला, तरी त्याच्यामुळे व्हायचं ते कार्य होतंच. आठवीच्या मुलांना मी हे शिकवताना सांगायचे, की माणूस घरातून उठून गेला तरी त्याने ओढून ठेवलेली खुर्ची तिथेच असते. भाच्याने ते दोनदा वाचलं. मग विचारलं, "शास्त्रींनी हे सगळं एकट्याने लिहिलं?" आणि मग पहिल्यांदाच, कामाच्या बाईंचं वय किती होतं, नातवंडं काय शिकत होती, ते तो शोधायला लागला. त्यांच्याबद्दल फारच थोडं सापडतं. चौघांपैकी एकाने तर तुरुंगात पुस्तकही लिहिलेलं, ते मिळतं.

वाद मिटलेला नाही आमचा. त्याला अजून वाटतं की प्रेक्षक खुन्याच्या डोक्यात शिरायलाच येतो. त्याचं म्हणणं खोटं नाही. मीही बावीस वर्षांची असताना तशीच बसले होते नानाकडे बघत. पण परवा रात्री त्याचा फोन आला.

"मावशी, पहिला सीन बदललाय. जानेवारी नाही. डिसेंबर घेतोय, तुमच्या वाड्याचा. मला सांग, तो अडसर किती लांब होता?"

वाडा पाडून आता तिथे सहा मजली इमारत आहे. अडसराचं काय झालं कुणालाच ठाऊक नाही. मी फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला, उभी राहिले आणि दोन्ही हात पसरले. अण्णा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, असे उभे होते. माझे हात पुरेनात. मग मी भिंतीला पाठ लावून पावलं मोजत दारापर्यंत गेले. "थांब हं," म्हटलं, "मोजतेय."